ईमचे चर्च

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात डोंगरांच्या कुशीत ईम नावाचे एक लहानसे गाव आहे. गावात संत लॉरेन्सचे दगडी चर्च उभे आहे. ते मध्ययुगात बांधलेले. पुढे त्यात पुष्कळ फेरफार झाले. आवारातील कोरीव क्रूस तर त्याहूनही जुना, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा. भिंतीवर १७७५ सालचे सूर्यघड्याळ आहे. परंतु अशी पुरातन चर्चे इंग्लंडात गावोगाव आढळतात. ईमच्या चर्चची कीर्ती झाली ती, त्याची दारे बंद ठेवावी लागली त्या वर्षामुळे!

१६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस गावातील एका शिंप्याकडे लंडनहून कापडाचे गाठोडे आले. त्यातील पिसवांबरोबर प्लेग आला, असे सांगतात. ७ सप्टेंबरला शिंप्याच्या मदतनिसाला मूठमाती द्यावी लागली. मग घरोघर आकांत सुरू झाला. काही धनिकांनी तर वेळीच गाव सोडले.

गावचे तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्यावर लोकांचा अद्याप विश्वास बसला नव्हता. लोकांचे मन जुने धर्मगुरू टॉमस स्टॅन्ली यांच्याकडे ओढ घेई. नवा प्रार्थनाग्रंथ न स्वीकारल्याने १६६२ मध्ये स्टॅन्ली यांना पद सोडावे लागले होते. दोघांची मते अगदी भिन्न. पण १६६६ च्या जूनमध्ये ते एकत्र आले व त्यांनी गावकऱ्यांना विनविले, की रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून कोणी वेस ओलांडू नये. प्रत्येकाने आपली माणसे घराजवळच पुरावी. चर्चला कुलूप लागावे आणि प्रार्थना उघड्या दरीत, कुटुंबाकुटुंबांनी दूर उभे राहून व्हावी.

गावाने हे मानले. आपल्याच घरात मृत्यूची वाट पाहत बसणे किती कठीण!

डेव्हनशायरच्या उमरावांनी अन्नसामग्री पाठविली. बाहेरचे लोक शिधा वेशीवर ठेवीत. त्याचे पैसे गावकरी दगडाच्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवीत. त्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत पती व सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच दूर पाठविली होती. पत्नी कॅथरिन मात्र पतीजवळ राहिली. त्याच महिन्यात तीही गेली. तिची समाधी चर्चच्या आवारात आहे.

१ नोव्हेंबर १६६६ रोजी प्लेगने शेवटचा बळी घेतला. तोवर सुमारे २६० माणसे दगावली होती. कोंडून राहिल्याने गावातील मृत्यू वाढले असावेत, असे काही अभ्यासक म्हणतात. शेजारची गावे मात्र वाचली.

आता चर्चची दारे उघडी असतात. तरीही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकऱ्यांनी मिरवणुकीने त्या दरीत जावे आणि तेथेच, आकाशाखाली, प्रार्थना करावी, अशी प्रथा आहे.