शेवटची खोली, संध्याकाळी सात

मुलांनो, माझ्या चौथीच्या वर्गातली मुलं मला काहीही विचारतात. पाल भिंतीवरून पडत कशी नाही, इथपासून बाई तुमचा पगार किती, इथपर्यंत! पण एक प्रश्न कोणीच विचारत नाही. घरातलं माणूस दारू पीत असेल तर जायचं कुठे? ही गोष्ट बाहेर बोलायची नसते, असं घरात न सांगताच कळलेलं असतं. म्हणून आज मी आपण होऊन सांगते. गोष्ट माझ्या मामाची आहे आणि त्याला नि मामीला विचारूनच लिहिते आहे.

मामा हाताचा मोठा गुणी. सायकल म्हणा, शिलाई मशीन म्हणा, त्याच्या हातात दिलं की चालू झालंच. पण दारूपुढे त्याचं काही चालेना. शपथा झाल्या, गळ्यात माळ घालून झाली. पंधरा दिवस बरे जायचे आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या! शेवटी मामीनं त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. दारूचं व्यसन हा आजार आहे, हे आम्हांला तिथे कळलं. रोज खूप पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात थरथरतात, भास होतात, झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून सोडायची तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "अंगातली दारू आम्ही काढली. ती पुन्हा आत जाऊ नये म्हणून माणसं लागतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग शोधा." अ‍ॅनॉनिमस म्हणजे अनामिक, नाव न सांगणारे.

मामीनं नंबर मिळवून फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, ज्यांना सोडायची आहे त्यांनाच फोन करू द्या." मामीला रागच आला. पण त्यांचं बरोबर होतं. दारू सोडायची इच्छा एवढीच तिथली अट, आणि ती दुसऱ्यानं पुरी करून चालत नाही. चार दिवस नंबरचा कागद देव्हाऱ्यापाशी पडून होता. पाचव्या दिवशी मामा अंगणात गेला नि फोन लावला. आडनाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. फक्त पत्ता सांगितला: गुरुवारी संध्याकाळी सात, एसटी स्टँडमागची शाळा, शेवटची खोली.

मामा, मामी आणि मी, तिघं निघालो. शाळेच्या फाटकावरून मामा दोनदा पुढे गेला. ओळखीचं कोणी पाहिलं तर? मला म्हणाला, "तूच विचार गं, शिकवणी कुठे चालते म्हणून." मी चहाच्या टपरीवर विचारलं. टपरीवाले काका किटलीतून मान वर न काढता म्हणाले, "गुरुवारची ना? शेवटची खोली. आत्ताच पंधरा चहा पाठवलेत."

असा पत्ता शोधणारा मामा काही पहिला नव्हे. १९३५ साली बिल विल्सन नावाचे गृहस्थ कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरी गेले होते. दारू सोडून त्यांना थोडेच महिने झाले होते. काम फसलं, आणि हॉटेलातल्या दारूच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. ते आत गेले नाहीत. तिथल्याच टेलिफोनवरून चर्चना फोन लावत सुटले, कारण त्यांना बोलायला दुसरा दारुडा हवा होता! फोनाफोनीतून डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. डॉक्टर बॉब शेवटचे प्यायले ते १० जून १९३५ रोजी, आणि हाच दिवस संस्थेचा जन्मदिवस मानतात. १९५७ साली हे काम मुंबईत पोचलं.

मामा आत गेला. मी नि मामी व्हरांड्यात बसलो, कारण त्या दिवशीची मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी होती. दारातून दिसलं, भिंतीवर पाढ्यांचे तक्ते आणि तिसरीच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली मोठी माणसं. फी नाही, हजेरीपट नाही. खर्चासाठी ज्याचे त्यानं जमेल ते द्यायचं. प्रत्येक जण फक्त स्वतःचं सांगतो नि आजच्या दिवसापुरतं प्यायचं नाही असं ठरवतो. आत काय बोलणं झालं ते मामानं सांगितलं नाही. तसा तिथला नेमच आहे.

व्हरांड्यात आणखी एक काकू होत्या. त्यांनी मामीला घरच्या माणसांच्या मीटिंगचं सांगितलं. तिचं नाव अल-अ‍ॅनॉन. तिथून मामी एक गोष्ट शिकून आली, आणि ती माझ्या सहावीतल्या मामेभावासाठी फार मोलाची ठरली. आपल्याला गणितात मार्क कमी पडतात म्हणून बाबा पितात, असं त्या पोराच्या मनात पक्कं बसलं होतं! मामीनं त्याला जवळ घेऊन सांगितलं, "ती दारू तुझ्यामुळे नाही रे. आणि ती सोडवणंही तुझं काम नाही."

तुमच्यापैकी कोणाच्या मनात असं असेल तर हे तुम्हांलाही लागू आहे. बाटल्या लपवायच्या नाहीत, ओतून द्यायच्या नाहीत. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. घरात मारहाणीची भीती असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. आणि पालकहो, व्यसनमुक्तीच्या चौकशीसाठी १४४४६ हा सरकारी नंबरही मोफत आहे.

मामा मध्ये एकदा घसरला. पुढच्या गुरुवारी गेला, तेव्हा कोणी रागावलं नाही, फक्त दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. पुढच्या महिन्यात वर्ष पूर्ण होईल. त्या दिवशी खुली मीटिंग आहे, घरच्यांनीही यायचं. परवा मामेभाऊ मला विचारत होता, "ताई, बाबा त्या तिसरीच्या बाकावर मावतात तरी कसे गं?"