बरणींतले गवई

रास्पबेरीच्या काडीवर एका ओळींत पडलेलीं बारीक भोंकें पाहून मीं नातीला एक वचन देऊन टाकलें, आणि तिथेंच फसलों.

गेलें वर्ष मीं अमेरिकेंत, न्यूयॉर्क राज्यांत, मुलीच्या घरीं काढलें. परसांत रास्पबेरीची जाळी होती. भाद्रपदांत अंधार पडला कीं तींतून अखंड किरकिर ऐकूं येई. गाणारा तो झाडावरचा रातकिडा : अंगानें फिकट, पंख कांचेसारखे, आणि गातो तो फक्त नर. मादी त्याच्या पाठीवरच्या ग्रंथींतला रस चाटते आणि पुढें काडींत सुई खुपसून ओळीनें अंडीं घालते. या किड्यांचें त्या देशांत मोठें कौतुक ! १८९७ सालीं डॉल्बेअर या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानें किरकिरीवरून उष्णमान काढण्याचें सूत्र छापलें. १९१५ सालीं फुल्टननें यांची सबंध जीवनकथा लिहिली. एवढें वाचल्यावर म्हातारा नातीपुढें मिरवणार नाहीं तर काय करणार ? "यांतून जूनमध्यें गवई निघतील," असें सांगून मीं काडी बरणींत घातली, तोंडाला मलमल बांधली आणि बरणी ओसरीवर ठेवली.

जूनमध्यें गवई निघाले, मोजून सात. पंधरा दिवसांनीं निघाल्या तिळाएवढ्या गांधीलमाशा. मीं त्यांना उडत्या मुंग्या समजलों होतों. एका कीटकतज्ज्ञानें नांव सांगितलें, मॅक्रोरिलेया ईकॅन्थी. रातकिड्यांच्या अंड्यांवरच हिचा वंश चालतो. हिची अळी एका अंड्यानें तृप्त होत नाहीं. काडीच्या आंतल्या आंत एकामागून एक फस्त करीत जाते. काडी उभी चिरली, तों आंत रिकामीं टरफलें !

"आजोबा, तुम्ही तर गवई म्हणाला होतात."

'उडून गेले' हे शब्द अगदीं ओठांवर आले होते. पण काडी समोर चिरलेली पडली होती. मीं खरें तें सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं.

"मग यांना मारायचें ?"

मीं गप्प. भोंकें पडलेली काडी तिथून मोडते. त्यामुळें शेजारच्या बागाइतदाराला याच माशा प्रिय, हेंहि मीं पुस्तकी थाटांत सांगून पाहिलें. तिला तें पटलेलें दिसलें नाहीं. तिनें भिंग घेतलें, बरणीशीं डोळा नेला.

"या गात नाहींत ?"

"नाहीं."

आणखी थोडा वेळ पाहून तिनें मलमलीची गांठ सोडली.