कांदा किती, कांदे किती

‘मच’ आणि ‘मेनी’चा धडा फळ्यावर दोन रकाने आखून एका तासात उरकता येतो. मोजता येतं ते डावीकडे, येत नाही ते उजवीकडे. मुलं वहीत उतरवून घेतात, चाचणीत मार्क मिळवतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना ‘हाऊ मेनी मनी’ विचारतात. त्यांचं चुकलं कुठे? पैसे ही तर मोजायचीच वस्तू. सोसायटीचा गटसचिव मोजतो, आठवडे बाजारात आजी बोट ओलं करून नोटा मोजते. मराठीत आपण ‘किती पैसे’ म्हणतो, तेही अनेकवचनात. मग ‘मनी मोजता येत नाही’ हे सरांचं वाक्य शेतकऱ्याच्या पोराला पटावं कसं?

म्हणून ते वाक्य मी वर्गात उच्चारतच नाही. पाणी, तेल, दूध सगळंच मोजलं जातं. आकडा नामाला थेट चिकटतो की मध्ये लिटर, किलो, गोणी घ्यावी लागते, एवढाच प्रश्न. ‘फाइव्ह रुपीज’ चालतं, ‘फाइव्ह मनी’ चालत नाही.

आणि हा फरक आमच्या राहुरी-नेवाशाकडच्या मुलांना शिकवावा लागत नाही, आठवून द्यावा लागतो. ‘यंदा कांदा किती निघाला?’ असं विचारलं की उत्तर गोण्यांत येतं, क्विंटलमध्ये येतं, ट्रॉलीत येतं. ‘भाजीला कांदे किती चिरू?’ याचं उत्तर दोन किंवा तीन. ही उत्तरं एकाही पोराने कधी उलटी दिलेली नाहीत. घोडेगावच्या बाजारात आज कांदे किती आले, असं कुणी विचारलं तर व्यापारी त्याच्याकडे बघत राहील. उसाचंही तसंच. कारखान्याच्या काट्यावर ऊस टनात असतो आणि बांधावरून पोरं दोन ऊस मोडून आणतात. इंग्रजीतही याच कांद्याला दोन रूपं आहेत. टोपलीत ‘टू मेनी अनियन्स’, भाजीत ‘टू मच अनियन’. ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने 1924 साली अशा नामांना ‘मास-वर्ड’ म्हटलं. आमच्या चाळीतला कांदा त्याच्या व्याख्येत चपखल बसतो.

गोची पुढे आहे. रेघ दोन्ही भाषांत आहे, पण एकाच जागी ओढलेली नाही. आपण तांदूळ निवडतो, पोहे भिजवतो, केस विंचरतो, सगळं अनेकवचनात. त्यामुळे ‘राइसेस’ आणि ‘माय हेअर्स’ वहीत येणारच. तिथे मी मराठी वाक्य शेजारी लिहून दाखवतो आणि चूक कुठून आली ते मुलं स्वतःच सांगतात. ‘फर्निचर’ आणि ‘ॲडव्हाइस’ला मात्र असा काही आधार नाही. खुर्च्या मोजता येतात आणि फर्निचर नाही, यात तर्क शोधत बसू नये, पाठ करावं. खुद्द इंग्रजांचंही ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’वरून भांडण मिटत नाही. ‘टेस्को’ या तिकडच्या दुकानसाखळीत कमी सामानाच्या रांगेवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असायची. 2008 साली त्यांनी ती बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ केली आणि कटकट संपवली.

एकदा एका मुलाने निबंधात लिहिलं, ‘ग्रॅम नीड्स टू वॉटर्स.’ हरभऱ्याला दोन पाणी! लाल पेन उचललं खरं, पण वाक्यात शेती पक्की होती. दोन पाण्यांवर हरभरा येतो हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. ‘वॉटर्स’ खोडून वर ‘इरिगेशन्स’ लिहिलं. व्याकरणाच्या पुस्तकात हा शब्दही न मोजण्याच्या रकान्यात सापडेल, पण शेतीशास्त्राच्या इंग्रजीत ‘थ्री इरिगेशन्स’ सर्रास लिहितात. ज्याला जे मोजायची गरज पडते, तो त्याचं अनेकवचन करून घेतो.

‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांत मुलं सगळ्यात जास्त अडकतात. एवढ्याशा ‘अ’ने असा काय फरक पडतो? तिथे आपला ‘च’ मदतीला येतो. ‘लिटल वॉटर’ म्हणजे थोडंच पाणी, ‘अ लिटल वॉटर’ म्हणजे थोडं का होईना, आहे. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’चंही तेच. उदाहरणाला मी मुळा धरण घेतो. 26 टीएमसीचं धरण, आणि उन्हाळ्यात घरोघरी बोलणं एकच, कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटणार का. मागच्या बाकावरच्या एकाने लगेच नियम मांडला, ‘‘सर, ‘अ लिटल’ असलं तर एखादं आवर्तन सुटेल. नुसतं ‘लिटल’ असलं तर पिण्यापुरतं.’’

मी म्हटलं, तिसरा प्रकारही आहे, ‘द लिटल’. ‘द लिटल वॉटर वी हॅड’, म्हणजे होतं नव्हतं तेवढं सगळं पाणी. वाक्य पूर्ण करा.

‘‘वेंट टू जायकवाडी, सर.’’