पाचवा दरवाजा

गेल्या वर्षी आम्ही चारचाकी घ्यायचे ठरविले. हौस म्हणून नव्हे. आईचे गुडघे गेले. तिला चाकांच्या खुर्चीसह दवाखान्यात न्यायचे, तर दर वेळी कोणाची तरी गाडी मागावी लागे. मागून मागून आम्हीच संकोचलो.

शोरूममध्ये आम्ही हॅचबॅककडे बोट दाखविले. विक्रेता पोरगा म्हणाला, "साहेब, लहान गाडी कशाला? चारचौघांत शोभेल अशी घ्या." त्याने शेजारची उंच गाडी दाखविली. किंमत लाखभर जास्त. सौ. आमच्याकडे पाहू लागल्या. खरे सांगायचे तर आम्हालाही मोह झाला.

हॅचबॅक म्हणजे मागच्या काचेसकट वर उघडणारे दार असलेली गाडी. मागचे सीट पाडले की सामानाला जागा होते. १९८३ साली आलेली मारुती ८०० हॅचबॅक म्हणूनच ओळखली जाई. २००६ साली सरकारने चार मीटरच्या आतील, लहान इंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आणला. मग डिकीवाल्या गाड्याही शेपूट आखडून चार मीटरच्या आत बसविल्या गेल्या. पुढे हॅचबॅकलाच थोडी उंची, कडेने काळे प्लास्टिक, टपावर दांड्या लावून वेगळ्या नावाने, जास्त किमतीला विकण्याची चाल आली. २०१३ ची क्रॉस पोलो आणि २०१५ ची आय-२० ॲक्टिव्ह या त्यातल्याच.

उलट उदाहरण नॅनोचे. २००९ साली ती रस्त्यावर आली ती 'लाखाची गाडी' म्हणून. स्वस्ताईचा तो शिक्का तिला भोवला. दिसायला हॅचबॅक, पण मागचे दार उघडायची सोय आली २०१५ साली. २०१८ मध्ये ती बंदच झाली. म्हणजे एकीकडे लोकांची लाज विकली जाते, दुसरीकडे त्याच लाजेपायी गाडी पडून राहते.

आम्ही पडलो कारकून. तिथेच कागद पुढे ओढला. जादा एक लाखाचे कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षे. व्याजच सुमारे पस्तीस हजार! एवढ्यात मुलीच्या कॉलेजची किती पुस्तके आली असती!

आईची खुर्ची आम्ही बरोबर नेली होती. ती घडी करून दोन्ही गाड्यांत ठेवून पाहिली. दोन्हींत सीट पाडावेच लागले, आणि दोन्हींत ती सारखीच बसली. प्रश्न मिटला. आम्ही हॅचबॅक घेतली.

वाचकहो, गाडी घ्यायला जाल तेव्हा आपले सामान बरोबर न्या. आधी मागचे दार उघडायला सांगा, नाव आणि किंमत मग विचारा.