धोक्याची पायरी

प्रत्येक अडचणीसाठी एकाच स्वरात हाकाटी केली तर ऐकणारा लवकरच कान झाकून घेतो, हा अनुभव सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसही आलेला आहे. म्हणून चालता चालता यंत्र जो आपल्या चुकांचा वृत्तांत लिहीत असते, त्यातील प्रत्येक संदेशास गांभीर्याची एक पायरी लावण्याची रीत पडली. ‘सिसलॉग’ या जुन्या पद्धतीत अशा ८ पायऱ्या आहेत. तेथे ० म्हणजे आणीबाणी आणि ७ म्हणजे केवळ कारागिराच्या तपासणीपुरती नोंद. आकडा जितका लहान तितका अनर्थ मोठा! ‘पायथॉन’ने सुलटा हिशेब धरला. १०, २०, ३०, ४०, ५० अशा पाच पायऱ्या त्याने दिल्या, आणि मधल्या मोकळ्या आकड्यांवर ज्यास हवी त्याने आपली पायरी बसवावी, अशी मुभा ठेवली.

मुभा मिळाली की माणसे बहुधा विशेषणे रचू लागतात. ‘गंभीर’, ‘अतिगंभीर’, ‘परमगंभीर’ अशी उतरंड उभी राहते. परंतु रात्री दोन वाजता ज्याच्या हाती तो संदेश पडणार, त्याने पांघरूण फेकून उठावे की सकाळची वाट पाहावी, हे तीवरून कळत नाही. कोणी काय करावयाचे हे ज्या पायरीवर ठरलेले नाही, तीस आम्ही नुसता अलंकार म्हणू. या बाबतीत रेल्वे शहाणी. कर्जतहून भोर घाट चढताना दर ३७ फुटांस १ फूट असा चढ लागतो, गाडीस मागून इंजिने जोडावी लागतात. तेथे विशेषणांस वाव कोठला? सिग्नलचा एक पिवळा दिवा ‘धोका मध्यम आहे’ असे म्हणत नाही. पुढील सिग्नलपाशी थांबण्याची तयारी ठेव, एवढेच सांगतो.

हवामान खात्याचे चार रंगही क्रियापदांवरच उभे आहेत. हिरव्यास काही करणे नको, पिवळ्यास लक्ष ठेवावे, नारिंगीस सज्ज राहावे, लालास कृती करावी. मात्र कृती कोणी करावयाची? रंग लागतो तो साऱ्या जिल्ह्यास. अलिबागचा किनारा आणि खालापूरचे डोंगर एकाच रंगात न्हातात. शिवाय पावसाची मोजणी २४ तासांची. एका दिवसात २०४.४ मिलिमीटरांहून अधिक पडला तर तो सर्वांत वरच्या वर्गात जातो. डोंगराची माती मात्र कालचे आणि परवाचेही पाणी पोटात धरून असते.

खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या ठाकरांच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. त्यापूर्वीच्या तीन दिवसांत तेथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधानसभेत सांगण्यात आले. वाडीस गाडीरस्ता नव्हता, म्हणून यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. माणसे हातांनी माती उपसीत होती. २३ जुलैस शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती.

दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच, असेही शासनाने सांगितले. आम्हांस सर्वांत बोचते ते हेच. यादीत नाव नाही, याचा अर्थ तपास व्हावयाचा आहे असाही होतो. व्यवहारात तो ‘निर्धास्त’ असा होऊन बसतो. पायथॉनमध्ये ज्या नोंदवहीची पातळी ठरविलेली नाही, ती आपल्याहून वरच्या नोंदवहीची पातळी घेते, म्हणजे वडीलधाऱ्यांस विचारते. वाडीच्या बाबतीत वर विचारणारा कोण होता?

कर्जत-खालापुरात डोंगरांच्या कुशीत अशा वाड्या आणखीही आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र पायरी करावयाची झाल्यास कितव्या मिलिमीटरास ती लावावी, हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतील. परंतु ती लागल्यावर कोणी वाडीवर जावे, दिवस मावळण्यापूर्वी म्हातारीकोतारी माणसे कोणत्या वाटेने उतरवावी, खाली ती कोणत्या शाळेत निजावी, आणि मागे राहिलेल्या गुरांजवळ कोणी थांबावे, एवढे तरी पावसाळ्याआधी वाडीत बसून ठरले पाहिजे. गुरांचे ठरल्याखेरीज घर सोडण्यास कोणी राजी होईल, असे आम्हांस वाटत नाही.