लघवीला जाण्याची परवानगी कोणाची?

शिक्षणाच्या प्रश्नावर आपली चळवळ प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृहे आणि आरक्षण यांवर बोलते. ते बोललेच पाहिजे. पण पहिली ते चौथीच्या वर्गात रोज पुन्हा पुन्हा विचारला जाणारा एक प्रश्न आम्ही हजर राहिलेल्या एकाही शिबिरात चर्चेला आला नाही. तो प्रश्न म्हणजे, "लघवीला जाऊ?" विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सहा-सात वर्षांच्या लेकराला सत्ता म्हणजे काय हे पहिल्यांदा कळते ते या प्रश्नाच्या उत्तरातून.

नाशिकचा गंगापूर रोड म्हणजे शाळा, कॉलेजे, दवाखाने आणि टॉवर यांचा रस्ता. या टॉवरांत धुणीभांडी करणाऱ्या बाया आजूबाजूच्या वस्त्यांत राहतात. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर त्यांची काही मुले इकडच्या इंग्रजी शाळांत शिकतात. त्यांचे अर्ज भरून देणे, कागदपत्रे जमवणे आणि प्रवेशानंतर विचारपूस करणे हे आमचे काम आहे. अशाच एका भेटीत दुसरीतल्या मुलीची आई म्हणाली, "ताई, पाण्याची बाटली जशी नेते तशीच भरलेली परत आणते." मुलीला विचारले तर उत्तर सरळ होते. पाणी प्यायले की शू लागते, आणि टीचर सोडत नाहीत. मराठीत विचारले तर 'इंग्लिशमध्ये विचार' म्हणतात. ते वाक्य जुळेपर्यंत तिचा धीर सुटतो. मग तिने पाणी पिणेच सोडले.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहून ठेवले आहे की शाळेत तहान लागली तर नुसती शिक्षकांची परवानगी पुरत नसे. नळाला हात लावता येत नसल्याने तो सोडायला शिपाई हजर असावा लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. आज नळ सर्वांना खुला आहे आणि तो खुला होण्यामागे १९२७ चा महाडचा संघर्ष आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. लघवीला न सोडण्याचा नियम जात पाहून लिहिलेला नाही. पण शरीराची साधी गरज दुसऱ्याच्या मर्जीवर टांगली की काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही.

मर्जी कधीच सर्वांना सारखी मिळत नाही. 'खरंच लागली आहे की नाटक?' हा निर्णय शिक्षिका मुलाकडे बघून करते. ज्याची आई पालकांच्या ग्रुपवर इंग्रजीत जाब विचारू शकते, त्याला सहसा सोडले जाते. ज्याची आई गेटवरूनच परत फिरते, ते मूल दुसऱ्यांदा विचारत नाही. न लिहिलेले नियम नेहमी प्रस्थापितांच्या सोयीने चालतात.

आम्ही त्या आईसोबत शाळेत गेलो. शिक्षिका म्हणाल्या, "वर्गात ४५ मुलं आहेत. एकाला सोडलं की दहा करंगळ्या वर होतात. जिन्यात कुणी पडलं तर जबाबदारी माझी." हे खोटे नाही. कायद्याच्या हिशेबाने पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. पण शिक्षकांची संख्या वाचवणाऱ्या संस्थेचा भार सात वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयाने का वाहायचा? त्या वयात मूत्राशयात साधारण पाव लिटर लघवी मावते. वारंवार दाबून ठेवल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता होऊ शकते, आणि संसर्गाचा त्रास मुलींना जास्त होतो. वर्गात चड्डी ओली झाली तर चिडवणे वर्षभर संपत नाही.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे सक्तीची केली. त्याच कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी घातली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांत स्वच्छतागृहे बांधण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. २०१९ मध्ये केरळच्या शाळांनी पाणी पिण्याची घंटा सुरू केली. स्वच्छतागृहे मोजली गेली, पाण्याची घंटाही वाजली. पण वर्गाच्या बाकापासून स्वच्छतागृहाच्या दारापर्यंतचा हक्क कोणी मोजला नाही.

उपाय खर्चिक नाही. दाराशी दोन बिल्ले टांगावेत, एक मुलींसाठी आणि एक मुलांसाठी. बिल्ला असेल तर न विचारता घेऊन जायचे, परत आणून लावायचा, मग पुढच्याने जायचे. एका वेळी दोघेच बाहेर, त्यामुळे गर्दी होत नाही आणि कोण बाहेर आहे हे बाईंना दिसते. पहिली-दुसरीला दोन तासांच्या मध्ये सगळ्यांना एकदा नेऊन आणावे. एखादे मूल फारच वेळा जात असेल तर त्याला न रागावता पालकांना कळवावे, कारण ते आजाराचे लक्षण असू शकते. आमच्या भेटीनंतर त्या वर्गात बिल्ले लागले. बाकीच्या वर्गांत अजून नाहीत आणि शाळेने लेखी काहीच दिलेले नाही.

लेखी का हवे? शिक्षिका बदलली की मर्जी बदलते, हक्क बदलत नाही. आणखी एक गोष्ट. स्वच्छतागृह घाण म्हणून कित्येक आया मुलींना 'शाळेत जाऊच नको' असे बजावतात. ते घाण असते कारण सगळ्या इमारतीला ठेकेदाराची एकच 'मावशी' असते. ती बहुतेक वेळा आपल्यातलीच कुणीतरी असते, हातमोज्यांविना आणि किमान वेतनाविना. मुलांचा हक्क मागताना तिचा हक्क वगळला तर एकाची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या पाठीवर उभी राहील.

म्हणून वस्तीतल्या आयाबहिणींना आमचे सांगणे आहे. येत्या पालकसभेत मार्कांच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा : न विचारता जाण्याची सोय, कडी-पाणी-साबण असलेले स्वच्छतागृह आणि सफाई करणाऱ्या मावशींना पूर्ण पगार. एकटीने जाऊ नका, चार जणी मिळून जा. आणि रोज संध्याकाळी लेकराची पाण्याची बाटली उघडून बघा.

जय भीम!