दोन टिचक्यांसाठी दोन परवानग्या

माझी मागणी काही फार मोठी नव्हती. दिवसभराची प्रुफं तपासून झाली की तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरावा, आणि त्यासाठी डेस्कटॉपवरच्या एका आयकॉनवर दोनदा टिचकी मारली की भागावं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ माझ्या जुन्या लॅपटॉपला दारातही उभं करेना, म्हणून भाच्याने त्यावर उबुंटू घालून दिलं. जाताना चार ओळींची एक स्क्रिप्टही लिहून ठेवली. "मावशी, टर्मिनल उघडायचं, 'बॅश' लिहायचं आणि पुढे या फाइलचं नाव. बस!" बस म्हणणारा बेंगळुरूला निघून गेला. इकडे संध्याकाळी डोळे दमलेले असताना तिरक्या रेघांची ती ओळ बिनचूक टाइप करणं म्हणजे मला आणखी एक प्रूफच झालं.

म्हणून ती फाइल उचलून डेस्कटॉपवर आणली आणि टिचकी मारली. उघडली, पण वाचायला! टेक्स्ट एडिटरमध्ये चारही ओळी शिस्तीत उभ्या, पेन ड्राइव्ह मात्र कोरडा. फोन लावला.

"अगं, तिला चालायची परवानगी नाहीये."

लॅपटॉप माझा, फाइल माझी, मग परवानगी द्यायची कोणी? लिनक्समध्ये वाचणं, लिहिणं आणि चालवणं या तीन परवानग्या वेगवेगळ्या असतात, आणि साध्या नव्या फाइलला तिसरी आपोआप मिळत नाही. "पण टर्मिनलमध्ये तर चालत होती की रे!" तिथे चालत होता तो बॅश, माझी फाइल तो फक्त वाचून त्याबरहुकूम काम करत होता. हे मला पटलं. राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ती परवानगी दिली आणि पुन्हा टिचकी मारली. पुन्हा एडिटर. राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ प्रोग्रॅम' निवडलं तर चालते. टिचकीला मात्र दाद देत नाही.

टिचकीसाठी निराळी फाइल लागते. तिच्या नावाचं शेपूट 'डॉट डेस्कटॉप', पहिल्या ओळीत चौकटी कंसात 'डेस्कटॉप एंट्री', आणि खाली टाइप, नेम, एक्झेक, आयकॉन, टर्मिनल अशा ओळी. इथे माझा धंदा कामी आला. या शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल नसेल तर ती ओळ मानलीच जात नाही, हे मुद्रितशोधकाला दोनदा सांगावं लागत नाही. 'नेम'पुढे मी देवनागरीत 'प्रुफं जपा' लिहिलं, तेही निमूट चाललं. अडलं ते काय चालवायचं हे सांगणाऱ्या 'एक्झेक'च्या ओळीत. टर्मिनलमध्ये नागमोडी टिल्ड लिहिला की आपला होम फोल्डर असं समजतं. पण ती समज शेलची, म्हणजे त्या बॅशची. इथे मध्ये शेल नसतोच, त्यामुळे मुळापासून, म्हणजे तिरकी रेघ, होम, मग आपलं युजरनेम, असा अख्खा पत्ता लिहावा लागतो.

लिहिला. तरी बाईसाहेब हलेनात. आता डेस्कटॉपचा विश्वास नव्हता! राइट क्लिक करून 'अलाउ लाँचिंग' म्हटलं, तेव्हा कुठे फाइलच्या नावाजागी 'प्रुफं जपा' झळकलं. (उबुंटू ज्यांचा डेस्कटॉप वापरतं त्या ग्नोमवाल्यांनी तर २०१८ साली डेस्कटॉपवरच्या आयकॉनची सोयच काढून टाकली, उबुंटू ती एक्स्टेन्शन जोडून परत देतं. म्हणजे माझा हट्टच मुळात जुन्या वळणाचा.)

मी वैतागून भाच्याला म्हटलं, एवढा संशय कशाला? त्याने मे २०००मधल्या 'आय लव्ह यू' व्हायरसची गोष्ट सांगितली. ईमेलसोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल यायची. तिच्या नावात 'टीएक्सटी' दिसायचं, खरं शेपूट 'व्हीबीएस' असायचं, आणि विंडोज ते शेपूट सहसा लपवायचं. पत्र समजून लोक टिचकी मारत, आणि स्क्रिप्ट चालू होऊन अ‍ॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना तीच मेल पाठवी. फिलिपिन्समधून निघालेलं हे प्रकरण बघता बघता जगभर पसरलं. हे ऐकल्यावर माझा राग बराच उतरला. नुसत्या टिचकीने काहीही चालू होऊ नये, हे बरोबरच आहे. फक्त या दोन परवानग्या दोन ठिकाणी लपवून न ठेवता एका जागी विचारल्या असत्या, तर माझी दुपार वाचली असती.

शेवटची गंमत अशी की सगळं जमल्यावर काळी खिडकी लुकलुकून नाहीशी झाली. काम झालं की नाही, काही पत्ता नाही. काम संपलं की टर्मिनल स्वतःच मिटतं. स्क्रिप्टच्या शेवटी 'रीड' ही एका शब्दाची ओळ घातली, की आपण एंटर दाबेपर्यंत खिडकी थांबते आणि कोणत्या फाइली गेल्या ते वाचता येतं.

असा आयकॉन करणार असाल तर 'टर्मिनल'पुढे 'ट्रू' लिहा आणि हा 'रीड' जरूर घाला. आणि पेन ड्राइव्ह उपटण्याआधी इजेक्ट करा; ते काम हा आयकॉन करत नाही.